कादंबरीच्या आठ फोडी

पुस्तक न वाचता त्याच्यावर अर्धा तास बोलून दाखवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो मी! खोटं वाटत असेल तर अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या काळच्या कोणालाही विचारा. त्यातले बरेचसे आता वर गेले, म्हणून तुम्हाला माझ्यावरच विश्वास ठेवावा लागेल.

माझा धंदा संत्र्यांचा. फळ हातात घेतलं, देठापाशी अंगठा दाबला, एकदा नाकाशी नेलं, की आत साखर आहे की चिंच हे मी न सोलता सांगतो. मग पुस्तकच तेवढं कशाला सोलायचं? मुखपृष्ठ पाहावं, अर्पणपत्रिका वाचावी, पहिल्या पानावरून नजर फिरवावी, झालं! वर तीन वाक्यं तोंडपाठ ठेवायची. "लेखकाची भाषा ओघवती आहे." "मधला भाग थोडा रेंगाळतो." "शेवट मात्र मनाला चटका लावून जातो." ही वाक्यं मी कादंबऱ्यांबद्दल बोललो, चरित्रांबद्दल बोललो आणि एकदा घाईघाईत पाकशास्त्राच्या पुस्तकाबद्दलही बोललो. टाळ्या पडल्या!

आमच्या वाचनालयात दर रविवारी दुपारी चार वाजता 'चालू वाचन' नावाची बैठक भरायची. आम्ही आठ सभासद सतरंजीवर बसायचो, हातातलं पुस्तक समोर ठेवायचो आणि सध्या काय वाचतो आहोत, कसं वाटतं, ते एकेकानं सांगायचं. त्यात माझे प्रतिस्पर्धी म्हणजे खुशालराव मास्तर. हातात कायम तांबडी-निळी पेन्सिल! आवडलेल्या ओळीखाली तांबडी रेघ, नावडलेल्या ओळीखाली निळी. पुस्तक परत यायचं तेव्हा रंगपंचमी खेळून आल्यासारखं दिसायचं. पण चाळिसाव्या पानानंतर एकही रेघ नसायची! खुशालरावांना वाटायचं की मी वाचत नाही. मला वाटायचं की त्यांना कळत नाही. दोघांचंही खरं होतं.

आमच्या घरात खरं वाचणारं माणूस एकच, माझी बायको सत्यवती. बायकांना वाचनालयाचं सभासद करून घ्यावं की नाही, हा ठराव तीन वर्षांपासून विचाराधीन होता. विचार करणाऱ्यांत मीही होतो! त्यामुळे पुस्तक यायचं माझ्या नावावर आणि वाचायची ती. वाचनालयातली साडेतीनशे पुस्तकं तिची दोनदा वाचून झाली होती.

"आता काय वाचू म्या?" ती एक दिवस म्हणाली.

"पंचांग वाच."

"वाचलं. त्यात सांगतला थो पाऊस पडलाच नाई. दुसरं काई असन तर सांगा!"

दुसरं काही म्हणजे अकोल्याची फिरती पेटी. सागवानी पेटी, पितळी कुलूप, आत साठ नवीकोरी पुस्तकं! दर हिवाळ्यात अमरावती आणि अकोला या दोन गावांच्या वाचकांचा मेळावा भरायचा. त्याआधी दोन्ही गावांनी एकमेकांना आपलं एकेक पुस्तक पाठवायचं. त्यावर ज्या गावाचा अभिप्राय सरस, त्या गावाकडे वर्षभर पेटी. निकाल द्यायचे केशवराव, मेळाव्याचे अध्यक्ष. केशवराव अकोल्याचे. पेटी चार वर्षं अकोल्यालाच होती. यात वावगं काय, असं अकोल्याचे लोक विचारायचे!

"यंदा पेटी आणा," सत्यवती म्हणाली. "लुगडं नको मले, पाटल्या नको. तेवढी पेटी आणा. माह्या डोळ्याले आता नवं अक्षर पाह्यजे."

आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी छाती पुढे काढली. "आणलीच समज!"

मेळाव्याला बारा दिवस उरले आणि अकोल्याहून पुस्तक आलं. 'हेमांगीचा हट्ट', पृष्ठं पाचशे बारा! प्रत एकच, वाचणारे आठ! एकेकानं वाचायचं म्हटलं तर मेळावा उन्हाळ्यात घ्यावा लागला असता. सभासदांचे चेहरे पडले. पण मी संत्र्याचा व्यापारी! मी म्हणालो, "एक फळ आठ जणांले कसं वाटून देतेत? सोलून! चला वाहेदभाईकडे!"

वाहेदभाई आमच्या वाचनालयाची पुस्तकं बांधणारे जिल्दसाज. त्यांचं दुकान मशिदीच्या गल्लीत होतं. पुस्तक जुजांचं शिवलेलं असतं, म्हणजे बत्तीस-बत्तीस पानांच्या घड्यांचं, हे मला त्यांनीच सांगितलं. या कादंबरीत सोळा जुज होते. म्हणजे माणशी दोन! वाहेदभाईंनी कादंबरी हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"चांगली जिल्द आहे, भाऊ. कावून उसवता?"

"प्रत्येकानं आपला वाटा वाचाचा, त्याच्यावरच बोलाचं, अन् मेळाव्याच्या आंधी तुमी पुन्हा शिवून द्याचं. कोणाले समजणार नाई!"

"वाचणाऱ्यायले तरी समजन काय?" वाहेदभाईंनी विचारलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. दोन दिवसांनी वाटे झाले. शेवटचा वाटा मी स्वतःकडे घेतला. शेवटावर बोलायला मिळालं की मैदान आपलं!

इकडे सत्यवतीनं वेगळाच उद्योग आरंभला. रोज दुपारी ती एकेका सभासदाच्या घरी जायची, त्याच्या बायकोजवळ बसायची आणि त्या घरातला वाटा वाचून यायची. सात दिवसांत सात घरं! खुशालरावांच्या घरी तिसरा वाटा होता. तो मास्तरांच्या बायकोनं आधीच संपवला होता, आणि मास्तरांची पेन्सिल पाचव्या पानावर होती. माझा आठवा वाटा मात्र मी घरी आणलाच नाही. शेवट बायकांच्या कानावर गेला की गावभर होणार आणि बातमी अकोल्याला पोचणार! म्हणून तो मी दुकानात गादीजवळ ठेवला. तिथे तो अगदी सुरक्षित होता, कारण तिथे कोणीच वाचत नव्हतं.

मग मला आणखी एक सुंदर कल्पना सुचली. अभिप्राय गोड लागावा म्हणून अध्यक्षांचं तोंड आधीच गोड केलं तर? मी अंबिया बहाराची, म्हणजे ऐन हिवाळ्यात पिकणारी, सोळा फळं स्वतः निवडली. डाग नाही, सुरकुती नाही! अशी फळं आम्ही कागदात गुंडाळून करंडीत भरतो. कागद संपले होते. गादीजवळ हात घातला, तर कागद! एकेक जोडपान घेतलं आणि एकेक संत्रं गुंडाळलं. सोळा फळं, सोळा कागद, ना एक कमी ना एक जास्त! केवढा शुभशकुन वाटला म्हणून सांगू! करंडी त्याच दिवशी रेल्वेनं अकोल्याला रवाना झाली.

कागद कुठला होता, हे तुम्ही ओळखलंत. मला ते कळायला चार दिवस लागले.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी वाहेदभाई वाटे गोळा करायला आले. सात वाटे त्यांच्या काखेत होते.

"गोवर्धनभाऊ, तुमचा वाटा द्या."

मी गादीजवळ हात घातला. गादी उचलली. गादीखाली पाहिलं. तक्क्याचा अभ्रा काढला. मग हळूहळू आठवलं, की त्या दिवशी कागद जरा मऊ लागला होता आणि त्याच्यावर काहीतरी छापलेलं होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं!

"काय झालं, भाऊ?"

"वाहेदभाई, शेवट... शेवट संत्र्यायले गुंडाळला!"

"या अल्ला!" वाहेदभाई मटकन पेटाऱ्यावर बसले. मग म्हणाले, "पण तुमी घाबरू नका. उसवाच्या आंधी म्या अख्खी किताब वाचून घेतो. पानं मागंपुढं शिवली जाऊ नये म्हणून. सांगू काय शेवट?"

मंडळी, देव माणसाला वाचवायला येतो तेव्हा असा समोर पेटाऱ्यावर बसतो! पण मी कोण? मी 'चालू वाचन'चा अव्वल वक्ता. जिल्दसाजाकडून शेवट ऐकून घेऊ?

"वाहेदभाई, तुमी जिल्द बांधा. अभिप्रायाचं आमी पाहतो. शेवटाच्या जागी चौसष्ट पानं कोरी टाका. वजन बरोबर भरलं पाह्यजे!"

"कोऱ्या पानाची कादंबरी म्या आजवर बांधली नाई, भाऊ."

"आता बांधा! अन् संत्र्याचा कागद कोण वाचते? फेकून देल्ला असन त्यायनं!"

घरी गेलो तर सत्यवती वाटच पाहत होती. "वाचला काय तुमचा वाटा?"

"वाचला."

"मंग हेमांगीचं काय झालं शेवटी? सांगा ना! सात दिवसापासून जीव टांगणीले लागला माहा."

"चांगलं झालं."

"म्हंजे? लगन झालं काय?"

"झालं."

"कोनासंगं?"

कादंबरीत एक दिवाण आहे, एवढं खुशालरावांच्या बोलण्यातून माझ्या कानावर आलं होतं. मी ठोकून दिलं, "दिवाणासंगं!"

सत्यवतीनं माझ्याकडे पाहिलं. "दिवाणासंगं?" एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. मला वाटलं, बिचारीला शेवट फार भिडला! दुसऱ्या दिवशी मात्र ती म्हणाली, "म्या बी येतो अकोल्याले." नाही म्हणायची सोय नव्हती, कारण लुगडं नेसून ती दारात उभी होती.

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला पोचलो. मेळाव्याची जागा म्हणजे एका शाळेचं सभागृह. पुरुष सतरंजीवर, बायका चिकाच्या पडद्याआड. मधोमध टेबलावर ती पेटी, आणि पेटीमागे केशवराव, पांढरा फेटा आणि पांढऱ्या मिशा. मी नमस्कार केला, पण संत्र्यांबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. मी म्हटलं, मोठी माणसं अशीच असतात.

आमच्या पुस्तकावर अकोल्याचे लोक आधी बोलले, मग आमचे लोक एकेक करून उठले. पहिल्या वाट्यावाला म्हणाला, "हेमांगी म्हणजे निव्वळ गरीब गाय!" दुसऱ्या वाट्यावाला म्हणाला, "हेमांगीसारखी आगलावी बाई मी जन्मात पाहिली नाही!" चौथा म्हणाला की नायक शूर आहे. पाचव्यानं विचारलं, "कोणता नायक? माझ्या वाट्यात तर सगळी नावच आहे, अन् तीही बुडाली." अकोल्याचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. केशवराव मिशांवरून हात फिरवत होते.

आता सगळी भिस्त माझ्यावर! मी उठलो, उपरणं सारखं केलं आणि सुरुवात केली. भाषा ओघवती आहे, मधला भाग थोडा रेंगाळतो, सगळं रीतसर झालं. मग आवाज खाली आणला. "आणि शेवट! मित्रहो, इतकी संकटं सोसून हेमांगीचा दिवाणाशी विवाह होतो, मंगलाष्टकं कानी पडतात, तेव्हा डोळ्यांच्या कडा ओलावतात!"

"थांबा!" खुशालराव मास्तर उभे राहिले. "दिवाण माझ्या वाट्यात मृत्यू पावला आहे!"

"मास्तर, तो मेल्यासारखा वाटला असेल. लेखकाची ती खुबी आहे."

"त्याचा अंत्यविधी चार पृष्ठे चालला आहे!"

"चिता पेटली होती काय?"

"पेटली होती!" मास्तरांची शुद्ध भाषा इथं संपली. "जयला थो! राख झाली त्याची! राखेसंगं लगन लावता काय गा तुमी?"

सभागृहात हशा उसळला. पडद्यामागूनही हसू ऐकू आलं, आणि त्यातलं एक माझ्या ओळखीचं होतं. तेवढ्यात केशवरावांनी टेबलावर हात आपटला. खिशातून त्यांनी कागदांची एक चळत काढली. चुरगळलेली, पिवळे डाग पडलेली, संत्र्याचा वास सुटलेली!

"गोवर्धनराव, हा शेवट आमच्या घरी करंडीतून आला. सोळा संत्र्यांना सोळा जोडपानं, एकेकावर चार पानांचा मजकूर! मग तुम्ही परत दिलेल्या या प्रतीत काय आहे?" त्यांनी आमची सुबक बांधलेली कादंबरी उघडून सभेला दाखवली. चौसष्ट पानं, दुधासारखी पांढरी!

तोंड मिटून खाली बसायला हवं होतं. पण सवय वाईट असते हो! माझ्या तोंडून निघून गेलं, "लेखकानं शेवट वाचकाच्या कल्पनेवर सोडला आहे!"

लोक लोळायचे बाकी राहिले. केशवराव पेटीवर हात ठेवून म्हणाले, "पुस्तक फाडणाऱ्या, न वाचता बोलणाऱ्या गावाला पेटी मिळणार नाही. पेटी अकोल्यालाच राहील!" अकोल्याच्या बाजूनं टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पडद्याकडे पाहिलं. आता तिकडून हसू येत नव्हतं. पेटी गेली होती, आणि ती माझी नव्हे, तिची गेली होती. तेव्हा मला जी लाज वाटली, ती इतक्या लोकांच्या हसण्यानंही वाटली नव्हती.

आणि तेवढ्यात पडदा बाजूला झाला! एक ठसठशीत बाई पुढे आल्या. केशवरावांच्या पत्नी, माणिकबाई.

"थांबा जी. पेटीचं मंग पाहू. आंधी इथं सांगा, तुमी वाचलं काय हे पुस्तक?"

"मी? अध्यक्ष आहे मी!"

"थे मले माईत हाय. वाचलं काय?"

केशवराव फेटा सारखा करू लागले.

"हेमांगी म्या वाचून राहिली होती," माणिकबाई सभेकडे वळून म्हणाल्या. "एकच वाटा झाला असन, तं यायनं हातातून हिसकून अमरावतीले धाडलं. कावून? तं जाड दिसते म्हणून! अमरावतीवाल्यायले झेपणार नाई म्हणून! आठ दिवस मले झोप नाई. अन् मंग करंडी आली. पह्यलं संत्रं सोललं, तं कागदावर हेमांगी! एका बाजूले घर सोडून चालली, दुसऱ्या बाजूले म्हातारी होऊन वापस आली. मधलं कुठी हाय म्हणून दुसरं सोललं, तिसरं सोललं. सोळाही संत्रे एका बैठकीत खाल्ले म्या! दोन दिवस दात आंबले!"

"अन् मधलं मले माईत हाय," पडद्याआडून सत्यवतीचा आवाज आला. चौदा वर्षांत मी तिला चारचौघांत बोलताना ऐकलं नव्हतं. "साती वाटे वाचले म्या. फक्त शेवट नाई भेटला."

"ये वं माय, ये!" माणिकबाईंनी तिचा हात धरून तिला पुढे ओढलं. "दिवाण खराच मेला काय?"

"मेला वं बाई, तिसऱ्या वाट्यात. मराच्या आंधी नावेले भोक त्यानंच तं पाडून ठेवलं होतं."

"तवाच मी म्हणतो, म्हातारपणी ती नदीवर कावून जात नाई!"

आणि त्या दोघी तिथेच, सत्तर पुरुषांसमोर, पेटीला टेकून बसल्या आणि कादंबरीवर बोलू लागल्या! सभा कोणाला आठवत होती? एकीकडे सात वाटे, दुसरीकडे सोळा संत्री. कधी एक हसायची, कधी दुसरी डोळे पुसायची. आम्ही पुरुष गप्प बसून ऐकत होतो. खुशालरावांची पेन्सिल खिशातच राहिली. अर्ध्या तासानं माणिकबाई उठल्या, केशवरावांपुढे हात पसरला आणि म्हणाल्या, "किल्ली!"

केशवरावांनी दिली. मीही दिली असती!

माणिकबाईंनी ती सत्यवतीच्या हातात ठेवली. "पेटी एक साल तुह्याजवळ. पण पुस्तक द्याचं थे वाचणाऱ्याले. एक पूर्ण वाचल्याबिगर दुसरं नाई. वाचलं का नाई, थे तू पाह्य."

पेटी बडनेरा स्टेशनावर एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत कोणी चढवली, हे सांगत बसत नाही. माझी पाठ महिनाभर सांगत होती. पेटी आमच्या माजघरात आली, आणि तीन वर्षं विचाराधीन असलेला ठराव पुढच्याच बैठकीत दोन मिनिटांत मंजूर झाला. तेव्हापासून सत्यवती 'चालू वाचन'ला सभासद म्हणून बसू लागली. मी पहिल्याच दिवशी ऐटीत पेटीपुढे जाऊन हात पुढे केला. तिनं माझ्या हातात 'हेमांगीचा हट्ट' ठेवला. माणिकबाईंनी ती प्रत सुट्या पानांसकट पेटीतच घालून दिली होती, आणि वाहेदभाईंनी संत्र्याच्या पानांना इस्त्री करून ती जागच्या जागी शिवून दिली होती.

"आंधी हे."

काय करता! दुकानात बसून वाचायला लागलो. पहिले चार दिवस नुसती मान दुखली. पाचव्या दिवशी एक गिऱ्हाईक तीनदा हाक मारून निघून गेलं आणि मला ऐकूच आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात दोन करंड्या सडल्या. बाविसाव्या दिवशी शेवटचा वाटा हातात आला. हेमांगी म्हातारी होऊन घरी परतते. तिला कोणी ओळखत नाही. तिची जुनी दाई आंधळी झालेली असते. ती हेमांगीचा हात चाचपते आणि म्हणते, "आलीस?" मंडळी, मी संत्र्यांच्या ढिगामागे तोंड लपवून रडलो. खोटं कशाला सांगू, हुंदके देऊन रडलो!

त्या रविवारी मी बैठकीला गेलो तो पोट भरून अभिप्राय घेऊन! माझी पाळी आली. उठलो. "हेमांगी..." म्हणालो, आणि ती आंधळी दाई डोळ्यांपुढे उभी राहिली. तीन वाक्यं आठवली, पण ती त्या दाईपुढे बोलवेनात. दुसरं काही सुचेना. शेवटी कसाबसा म्हणालो, "चांगलं आहे," आणि खाली बसलो.

"पकडला!" खुशालराव मास्तर ओरडले. "सभासदहो, नोंद घ्या! गोवर्धनरावांनी हे पुस्तक वाचलेलं नाही!"

सगळे हसले. इतिवृत्तात तशी नोंद झाली, आणि ती आजही आहे. पंधरा वर्षांत शेकडो पुस्तकं न वाचता बोललो तेव्हा टाळ्या! आणि एकुलतं एक वाचून गेलो त्या दिवशी मुद्देमालासकट पकडला गेलो!

बैठकीहून दोघं घरी आलो. वाटलं, आता ही काय म्हणते! पण सत्यवती सरळ पेटीकडे गेली. कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली आणि दुसरं पुस्तक माझ्या हातावर ठेवलं. माझ्यावर विश्वास ठेवणारं अमरावतीत ते एकच माणूस! ऊर भरून आला. मग पुस्तक उलटून शेवटच्या पानाचा आकडा पाहिला.

सातशे अठ्ठेचाळीस!